यानने ऐकलेली हाक

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, पण जन्मभर गॅरेजात इंजिनं खोलली. बिघाड शोधला की सापडतोच. हा एक मात्र सापडला नाही... म्हणून लिहितोय.

मुलगा नेदरलँड्सला असतो, आयंडहोवनच्या शेजारी बेस्ट नावाच्या गावात. आम्ही दोघं त्याच्याकडे तीन महिने राहायला गेलो आणि बायको बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात तिचं सगळं करायला नर्स कोण, तर सहा फुटी गोरा पोरगा, यान नावाचा. तो डचमध्ये बोलायचा, ही मराठीत, आणि दोघं खिदळायचे. मी भरवलेला वरणभात नको, त्याच्या हातचं बेचव सूप चालतंय! वर दिवसभर "यान, यान". अठ्ठेचाळीस वर्षांत हिने माझं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. एरवी "अहो". होय, जळत होतो मी. लपवत नाही.

ऑपरेशनला तिला खालच्या मजल्यावर नेलं. तासाभराने यान खोलीत आला. हातात प्लास्टिकची पिशवी, आत हिचं मंगळसूत्र. ऑपरेशनला अंगावर काही ठेवत नाहीत, हे नंतर कळलं. तेव्हा डोळ्यांपुढे एवढंच आलं — हिने मान वाकवली आणि याने काढलं.

"कोणाला विचारून हात लावलास रे?" म्हणत मी त्याला ढकललं. त्याचं डोकं कपाटावर आपटलं, भुवई फाटली, रक्त आलं. तो नुसता "मेनेर, मेनेर", म्हणजे साहेब, साहेब म्हणत हात आडवे धरून उभा. मी हातातली काठी उगारली —

"सोपान!"

माझ्या मागून. हिचा आवाज. हात वरच राहिला. वळलो... मागे नुसती भिंत.

तेवढ्यात मुलगा कॉफी घेऊन दारात. "तात्या! काय केलंत हे?" यानने रक्त पुसत त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मुलगा माझ्याकडे वळला.

"तात्या, तो विचारतोय, सोपान म्हणून हाक मारली ती बाई कोण?"

मुलाने काही ऐकलं नव्हतं. मला तिथे सगळे तात्या म्हणतात, हॉस्पिटलच्या कागदांवर नातेवाईक म्हणून मुलाचं नाव. यानला सोपान कुठून ठाऊक? आणि ही तर खाली, भूल दिलेली.

हॉस्पिटलने मला पिवळं कार्ड दिलं. फुटबॉलात देतात तसंच, फक्त हे पत्र असतं. पुन्हा कोणाच्या अंगावर गेलात तर बायको घरी येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी तिला न बघताच घरी यावं लागलं. संध्याकाळी मुलाने फोनवर विचारलं, "आई, तू आज तात्यांचं नाव घेतलंस?"

"इश्श! नवऱ्याचं नाव कोण घेतं? बरं, यानच्या भुवईला टाके कसले रे पडलेत?"

मुलगा म्हणतो भास. दोघांना एकच भास, एकाच वेळी? मला टोचतंय ते वेगळंच. इतक्या वर्षांनी माझं नाव घेतलं, तेही यानला वाचवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घरीच ठेवली. मुलाला विचारलं, सॉरीला डचमध्ये काय म्हणतात? म्हणाला, सॉरीच. मुलाच्या खांद्याला धरून वॉर्डात गेलो, आणि हिच्याकडे न बघता आधी यानपुढे हात जोडले.