उखळातली स्पॅनिश

ताई जाऊन दोन महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं, त्याला इलाज नाही.

साठच्या दशकात आम्ही माकुणसारला राहायचो. मॅट्रिक नापास होऊन ताई वर्षभर घरी बसली होती. पालघरच्या मिशनच्या दवाखान्यात एक म्हातारी स्पॅनिश नन होती. मोतीबिंदूमुळे तिला घरची पत्रं वाचता येईनात, आणि तिथे दुसऱ्या कुणाला ती भाषा येत नव्हती. अर्थ कळला नाही तरी चालेल, मोठ्याने वाचणारी हवी, असं कानावर आलं आणि ताई गेली. तिचं वाचन ऐकून नन म्हणाली, "सगळं सारखं. मला माझं घर ऐकू येत नाही."

तरी एक जुनं पत्र आणि इंग्रजीत लिहिलेला नियमांचा कागद देऊन तिने शुक्रवारी परत बोलावलं. जमलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा चूल.

कागद मी वाचला. शब्द स्वरावर किंवा एन, एसवर संपला तर उच्चाराच्या शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर, नाहीतर शेवटच्यावर. अक्षरावर तिरकी रेघ असेल तर तिथेच. ताईच्या डोक्यात काही शिरेना. "हात रिकामे असले की माझं डोकं चालत नाही," म्हणाली. मग आम्ही भात सडायला घेतलं.

एका उखळात दोघींची मुसळं, आळीपाळीने. तुकड्याला एक घाव, जोराच्या तुकड्याला दणका. कागदावर काही शब्दांचे अर्थही होते. खिडकी म्हणजे वें-ता-ना, दणका मधे. काळीज म्हणजे को-रा-थोन, ओवर तिरकी रेघ म्हणून दणका शेवटी. अब्वेला म्हणजे आजी. मी तीन घाव धरले, ताईने चार, अ-बु-ए-ला. मुसळं एकमेकांवर आपटली आणि भात अंगणभर.

शेजारची काकी कुंपणावरून ओरडली, "काय गो, ह्यो कुठला मंतर हाय? यानं भात शिजंल ना?"

"शिजेल काकी, पण स्पेनात!" ताई म्हणाली.

"बु आणि ए एकाच घावात," मी दटावलं. "आजीला दोनदा मारू नकोस."

शुक्रवारी मी आमच्या सफाळे स्टेशनवर घ्यायला गेले, तर ताई गाडीतून हसतच उतरली. वाचताना म्हणे तिची मूठ मांडीवर पडत होती, घावागणिक. पत्रात अब्वेलाचं वाक्य आलं तशी नन खो-खो हसली, मग डोळे पुसले आणि तेवढंच तीनदा वाचून घेतलं. सोमवारपासून ये म्हणाली.

"काय केलं होतं गं आजीने?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? तिला कळलं ना!"