वस्तादीणबाईंचं वारं

वस्तादीणबाईंशी पंजा लढवायला शिवाजी पेठेतले पैलवानसुद्धा कचरत. तालमीतल्या पोरांसाठी वर्षानुवर्षं बदामाची थंडाई घोटून त्यांची मनगटं पुरुषासारखी झाली होती. माझ्या औषधाच्या दुकानात आल्या की काउंटरवर मूठ आपटायच्या. "पोरी, दे की लवकर. गॅसवर दूध ठेवून आलोय."

नवरा तालमीचा वस्ताद. त्यांचे गुडघे गेले तसा घरात गांजा आला. संध्याकाळी चिलीम ओढायची, खदखदा हसायचं, चार भाकरी रिचवायच्या आणि घोरायचं. पेठेत त्याला 'नाद' म्हणत. वस्तादांना कुणी नावं ठेवली नाहीत.

पाळी गेल्यावर बाईंची झोप उडाली, कंबर धरली. गेल्या शिवरात्रीला वस्तादांनी त्यांना गुळात भांगेची गोळी दिली, स्वतःला लागेल तेवढ्या मापाची. दुसऱ्या दिवशी बाई हसत दुकानात आल्या. "तुझ्या गोळ्या घाल चुलीत. मेल्यागत झोपलो बघ!"

"काकी, त्यांचं माप तुम्हाला नाही चालायचं."

त्यांनी मनगट पुढं केलं. "हे बघ. कुणाला कमी हाय व्हय मी?"

श्रावणापर्यंत एका गोळीच्या तीन झाल्या. छातीत धडधड सुरू झाली. पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. ज्या बाईनं भांडणात दोन पैलवान गचांडी धरून सोडवले होते, ती आता दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपायची. गोळी चुकली की घाम, उलट्या, थरथर.

मी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं सारखं नसतं. पण बायकांना ही सवय लवकर जडते, भीती जास्त वाटते आणि सोडताना त्रासही जास्त होतो. पुरुषांची भूक वाढते. तू त्यांना घेऊन ये."

त्याआधीच एका शुक्रवारी शेजारच्या हळदीकुंकवात बाई थरथरायला लागल्या. डोळे लाल, बोलणं तुटक. कुणीतरी म्हणालं, "वारं आलं, वारं!" लगेच केस मोकळे सोडले, मळवट भरला, बायकांची रांग लागली. त्या दिवसापासून दर शुक्रवारी बाईंची ओटी भरायला पेठ येऊ लागली.

मी घरात शिरून स्पष्ट बोलले. "काकी, ही देवी नाही, भांग आहे. डॉक्टरांकडं चला."

आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या. "गप बस. देवी म्हटलं की पाया पडत्यात. भांग म्हटलं तर तोंडावर थुकतील. माझ्या पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून."

वस्ताद कट्ट्यावर बसले होते. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी खरं काय ते सांगा. ते हसले. "मला इतकी वर्सं काय झालं न्हाय. बाईमाणसाला सोसत न्हाय, त्याला मी काय करू?"

नवरात्र आलं. जिच्या अंगात येतं तिनं उपास कडक करायचा, फराळसुद्धा नाही, ही रीत. सोवळं म्हणून बाईंनी गोळीही बंद केली. पोटात अन्न नाही आणि उलट्या थांबेनात. मी मीठ-साखरेचं पाणी घेऊन गेले, तर ओटीवाल्या बायकांनी उंबऱ्यावरच अडवलं. "उपास मोडतीस व्हय देवीचा?" आतून बाई माझ्याकडं बघत होत्या. हाक मारली असती तर मी सगळ्यांना ढकलून आत गेले असते. त्यांनी तोंड फिरवलं.

अष्टमीला सकाळी नळावर घागर उचलताना त्या कोसळल्या. घागर ती तेवढी, आणि मनगटं ती तशी. अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं दवाखान्यात सांगितलं. पेठेत सांगितलं गेलं की देवीनं नेलं. पोरीचं लग्न चांगल्या घरी ठरलं.

आता भिंतीवर फोटो आहे. शुक्रवारी बायका अजून येतात, फोटोपुढं खण-नारळ ठेवून जातात. संध्याकाळी वस्ताद नारळ फोडतात आणि कट्ट्यावर बसून सगळं खोबरं संपवतात. त्यांना भूक चांगली लागते.