मशीन कोरडं चाललंय

माझ्या सासऱ्यांनी माझा कॉम्प्युटर एकाच दुपारी तीन वेळा वाचवला. तरीही तो अजून चालू आहे.

मी काय काम करते ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या भावकीत ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. एखादी इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, याची मी फिल्म बनवते. भिंती, झुंबरं, खुर्च्या सगळं कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं आणि मग मशीनला सांगायचं, आता उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते ते बघ आणि एकेक चित्र काढत बस. याला रेंडर म्हणतात. अशी ढीगभर चित्रं झाली की चार मिनिटांची फिल्म होते. चित्र काढताना मशीन इतकं डोकं चालवतं की तापतं. (लग्नाआधी मी पुण्यात हेच काम करायचे, पण तिथं तापण्याचं सगळं ऑफिसचा एसी बघून घ्यायचा.)

लग्न होऊन पिंपरी पेंढारला आले तेव्हा मी सुटे भाग मागवून मशीन स्वतःच जोडलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी त्यासाठी पुढची खोली रिकामी करून दिली. तिथं फवारणीचा पंप आणि खताच्या गोण्या असायच्या. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आवं, मंग गोण्या कुठं ठिवायच्या?"

"गोण्यांचं काय, कुठंबी ठिवू," मामा म्हणाले. "का सुनेला पुण्याला ठिवायचं?"

विषय तेवढ्यापुरता संपला. पुण्याच्या जुन्या ऑफिसातून मला फोन येऊन गेला होता. परत ये, म्हणत होते. नेमकं त्याच सुमारास नारायणगावच्या एका शेठना नवं मंगल कार्यालय बांधायचं होतं, आणि त्याची फिल्म माझ्याकडे आली. माझ्या स्वतःच्या मशीनवरचं ते पहिलं मोठं काम. ते वेळेत आणि नीट झालं तर घरी बसूनही हा धंदा चालतो हे ठरणार होतं. नाही झालं तर आठवडाभर पुणे आणि सुट्टीला सासर. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. आत्या फक्त जेवताना मला एक भाकरी जास्त वाढायच्या.

मशीनची तब्येत बघायला माझ्याकडे दोन आकडे होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायचं, आणि भिंतीवरच्या सॉकेटला मी एक छोटा मीटर लावला होता, त्यावर मशीन किती वीज खातंय ते वॅटमध्ये दिसायचं. चुलीवर दूध ठेवल्यासारखी मी त्या दोन आकड्यांपाशी बसलेली असायचे. मामा शेतावरून आले की हात मागं बांधून माझ्या खुर्चीमागं उभे राहत.

"हे किती झालं?"

"ब्याऐंशी डिग्री."

"पाणी उकळायला थोडंच राह्यलं की." मग भिंतीकडं बघून, "आन हे?"

"ते वॅट, मामा. किती वीज घेतंय ते."

आणि इथं माझ्यातली बाई जागी झाली. (शाळेतली. माझी आई शिक्षिका होती, ते रक्तात आहे.) म्हटलं, "आपल्या विहिरीवरच्या मोटरला अँपिअरचा काटा आहे ना? हे तसंच."

मामांचा चेहरा एकदम उजळला. त्या काट्याकडं बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "मंग हे आदी सांगायचं न्हाई का! मोटरच हाये ही." त्या दिवसापासून ते मशीनला 'ती' म्हणायला लागले. आणि एवढी अवघड गोष्ट मी किती सोपी करून सांगितली, म्हणून मी स्वतःवरच खूश होऊन हिंडत होते.

शेवटचं रेंडर लावायचं त्याच दिवशी पारगावला आत्यांच्या भाचीचा साखरपुडा निघाला. आत्यांचं माहेर, न जाऊन चालणार नव्हतं. आमचं शेत रस्त्यापलीकडंच, टोमॅटोला पाणी चालू होतं, म्हणून मामा घरी थांबणार होते. मी सकाळी रेंडर सुरू केलं, साडी नेसले आणि मामांना खुर्चीवर बसवून नीट सांगितलं, "स्क्रीनवरचा हा आकडा नव्वदच्या वर गेला तर मला फोन करा. बाकी कशाला हात लावू नका."

"आन काटा?"

"कुठला काटा?"

"भितीवरला."

"तो चारशेच्या आसपास राहील," असं म्हणत मी पायऱ्या उतरले. त्यांनी मागून आणखी काहीतरी विचारलं, पण सचिन गाडीचा हॉर्न वाजवत होता. (सचिन म्हणजे माझा नवरा. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, लिहिताना तेवढा धीर येतो.)

पारगावात गाडीतून उतरतेय तोच पहिला फोन. "चौऱ्याऐंशी." म्हटलं, ठीक आहे मामा, नव्वदच्या वर गेलं तरच करा. मुलाकडची मंडळी आली तेव्हा दुसरा फोन. "शहाऐंशी." मुलीची ओटी भरत होते तेव्हा तिसरा, आणि मामा फोनवर बोलतात ते शेजारच्या शेतातल्या माणसाशी बोलल्यासारखं. "सत्त्याऐंशी झालं. मी पंखा लावलाय. डोक्यावर ओलं फडकं ठिवू का?"

"ओलं काहीच नको मामा, अजिबात नको!"

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोण आजारी हाय गं?"

"कोणी नाही काकी. घरी मशीन आहे, ते तापलंय."

काकींनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. आजारपण झाकायची पद्धत त्यांना माहीत होती. थोड्या वेळानं बघते तर अर्ध्या मांडवाला कळलेलं, की पिंपरी पेंढारला कोणीतरी तापानं फणफणलंय आणि सून इथं साडी नेसून बसलीय. आत्यांना तर दोघीचौघींनी गाठून धीर दिला. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या, खरं काय ते सांगा ना त्यांना."

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "मशीनला ताप आलाय म्हणलं तर माझ्या माहेरात मलाच येडी म्हणतील."

पंगत बसली. पानात जिलबी पडली आणि फोन वाजला. या वेळी मामांचा आवाज शांत होता, काम फत्ते करून आलेल्या माणसासारखा.

"सुजाता, काळजी करू नको. मी बंद केली."

"काय बंद केलं?"

"मशीन. काटा पडला व्हता. चारशेचा साठवर आला. कोरडी चालली व्हती."

ज्यांच्या घरी विहीर नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटर फिरत राहते, पण तिला उचलायला काही नसतं. ती हलकी होते, काटा खाली पडतो. अशी कोरडी चाललेली मोटर थोड्या वेळात जळते. म्हणून काटा पडला की आमच्याकडं कोणी कोणाला विचारत बसत नाही, हात आपोआप बटणाकडं जातो. मामांचाही गेला. आणि काटा पडला होता तो माझ्यामुळंच. फिल्मच्या शेवटी मी कॅमेरा कार्यालयाच्या दारातून बाहेर काढून वर आभाळात नेला होता. नुसतं निळं आभाळ. मशीन ते चित्र चुटकीसरशी काढून साठवत बसायचं आणि मध्येमध्ये विसावा घ्यायचं.

मी उठून मांडवाबाहेर आले. "मामा, बंद करून किती वेळ झाला?"

"पयल्यांदा का आत्ता?"

"पहिल्यांदा म्हणजे?"

"आगं, पाणी भरायला टाइम द्यावा लागतो न्हवं? पयल्यांदा बंद केली, थोडं थांबलो, परत चालू केली. निघाली जोरात, पर परत साठवर आली. मंग बंद केली. परत थांबलो. आत्ता तिसऱ्यांदा. झरा कमी पडतोय गं."

"आणि खालचा तो बॅटरीचा डबा? वीज गेली तरी त्यावर मशीन चालतं."

"त्यो लई बोंबलत व्हता. त्येची वायरच काढली, आन मशीन सरळ भितीला लावली."

चालू मशीनची वीज अशी खाडकन तोडली तर आतलं सगळं साठवलेलं खराब होऊ शकतं. शिवाय एकदा तोडल्यावर रेंडर आपोआप परत सुरू होत नाही, म्हणून नंतर मशीन रिकामं बसून काटा साठवरच येत होता. तीनदा तोडल्यावर काय राहील, याचा विचारही करवेना. मी सचिनला खूण केली. न जेवता आत्यांना घेऊन आम्ही गाडीत बसलो. काकी गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "जा पोरी, देव बरं करील." मला खरंच रडू आलं, त्यामुळं त्यांची कायमची खात्री पटली.

परतीच्या वाटेला दोन्हीकडं ऊस उभा होता. मी मनातल्या मनात पुण्याला भाड्यानं खोली बघत होते, तिथं गॅस कोणाचा, दूध कुठून, असलं काहीबाही. मामांचा राग येत होता आणि तो धरताही येत नव्हता. ही मोटरच आहे असं त्यांना सांगणारी मीच. काटा पडला तर काय, हे त्यांनी पायऱ्यांवर मला विचारलंही असेल. आत्या मागच्या सीटवरून एवढंच म्हणाल्या, "त्यांना बोलू नको बाई. सकाळपासून त्यांनी च्याबी घेतला नसंल."

घरी पोचलो. मामा मशीनपाशीच होते. खिडक्या उघड्या, पंखा पूर्ण वेगात, आणि मोटर गरम आहे का बघायला ठेवतात तसा त्यांचा तळवा मशीनच्या पत्र्यावर. मला बघून म्हणाले, "गार हाये आता. काय झालेलं न्हाई तिला."

मी वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळेपर्यंत आम्ही चौघं वाकून उभे होतो. फोल्डर उघडलं. हॉल होता, झुंबरं होती, जेवणाची बाजू होती. मशीन एकेक चित्र होईल तसं साठवत गेलं होतं, म्हणून वाचलं. गेलं होतं ते फक्त आभाळ.

मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता मामांना सांगितलं, "मामा, काटा पडला म्हणजे पाणी संपलं नव्हतं. तिचं काम हलकं झालं होतं. ती जरा आराम करत होती."

मामांनी भिंतीवरच्या मीटरवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "मला काय ठावं. मला वाटलं, ही जळली तर तू जाणार पुण्याला. म्हनून जीव खाली-वर व्हत व्हता."

इतके दिवस घरात कोणीच न बोललेली गोष्ट अशी निघाली. आत्या चहा ठेवायला आत गेल्या, त्यांना डोळे पुसायचे होते. मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तसं एकदम पडलं तर त्यांना वाटायचं, आता ही निघालीच. म्हणून मी फक्त दुसरी खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली. संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून आभाळ रेंडर केलं. काटा साठवर यायचा आणि मामा समाधानानं म्हणायचे, "आराम करतीया."

फिल्म वेळेत गेली. शेठ खूश झाले, पुढचंही काम तुलाच म्हणाले. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं? शेवटचं आभाळ. (झुंबरांवर मी डोळे फोडून घेतले होते, त्याबद्दल एक अक्षर नाही.) पुण्याला मी 'येत नाही' म्हणून कळवलं. घरात गोडाचं झालं.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या आठवड्यात मामांना जुन्नरला जायचं होतं आणि टोमॅटोला पाणी चालू होतं. मी आपण होऊन म्हटलं, मोटरपाशी मी बसते. तुम्ही माझं मशीन सांभाळलंत, आता मी तुमचं सांभाळते. मामांनी मला विहिरीवर नेलं, काटा दाखवला.

"ह्याच्यावर ध्यान ठिव. पडला का बंद कर. बाकी कशाला हात लावू नको."

मी सावलीला खुर्ची टाकून बसले. काट्यावरून नजर हलवली नाही. काटा पडला नाही, उलट हळूहळू वर चढत गेला. मला फार बरं वाटलं. माझ्या धंद्यात आकडा वर म्हणजे मशीन जीव ओतून काम करतंय. मी मामांना फोन करून सांगितलं, "काटा अजिबात पडला नाही, मस्त चाललंय." ते म्हणाले, "शाब्बास."

मग जळका वास आला.

त्या दिवशी विजेचा दाब कमी होता. मोटर जीव खाऊन अँपिअर ओढत होती, आणि असं झालं की आपोआप बंद पडायची जी सोय असते ती मामांनीच फार पूर्वी तारेनं बांधून ठेवलेली. सारखी बंद पडते म्हणून. मामा आले, मोटरवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही पडला तर म्हणाला होता. चढला तर काय, ते…"

"व्हय," मामा म्हणाले. "ते सांगायचं राह्यलं."

वायंडिंगला, म्हणजे आतली जळलेली तार नव्यानं भरून आणायला, सचिननं आणि त्यांनी मोटर टेम्पोत चढवली. मामांनी टॉवेलनं हात पुसले, टेम्पोत बसायच्या आधी जरा घुटमळले, आणि माझ्याकडं न बघता अगदी मायेनं विचारलं,

"सुजाता, त्या पुण्यावाल्यांचा परत फोन आला व्हता का गं?"