सातचा खांदा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका शहराच्या बास्केटबॉल संघाचे कपडे सांभाळतात. सांभाळतात म्हणजे धुतात, वाळवतात, घड्या घालतात आणि सामन्याआधी ज्याचे त्याच्या खुंटीला टांगतात. स्टेडियमच्या तळघरात त्यांची खोली आहे. कपडे धुण्याची दोन मोठी मशीन, एक लांब टेबल आणि साबणाच्या वासाखाली दबलेला घामाचा वास. त्या खोलीची किल्ली ते पट्ट्याला अडकवतात आणि बोलता बोलता चाचपून बघतात. काकू म्हणतात, एवढी काळजी आमची कधी घेतली नाही.

त्यांच्या घरात बोलण्याची एक लकब आहे. 'सात नंबरचा शर्ट' असं लांबण कोणी लावत नाही. सात म्हणजे सातचा शर्ट. "बारा वाळला का?" "पंधरा अजून ओलाच आहे." वाक्यातलं नाम गळालेलं, पण घरात कुणाचं काही अडत नव्हतं.

यंदा संघ हरायला लागला आणि त्याच्याबद्दलच्या बातम्यांना ऊत आला. खर्च कमी करायचा म्हणून संघाच्या शिंप्याला घरी बसवलं, आणि फाटकंतुटकं काकांच्या पिशवीतून काकूंच्या शिलाई मशीनवर यायला लागलं. गावभर मात्र वेगळीच शिवणकला चालली होती. मालक संघ विकणार, संघ दुसऱ्या शहरात जाणार, प्रशिक्षकाने राजीनामा खिशातच ठेवलाय. अशा वावड्यांकडे काका लक्ष देत नसत.

पण मग पेपरात आतल्या गोष्टी यायला लागल्या. बारा क्रमांकाच्या खेळाडूचा गुडघा झिजलाय आणि संघ ते लपवतोय. पंधरा क्रमांकाचा ढिला पडलाय. बारा नंबरवाला संघाच्या डॉक्टरशी भांडला, की माझा गुडघा ठणठणीत असताना बाहेर काय सांगत फिरता? पंधरा नंबरवाल्याने ठरवून टाकलं की हे प्रशिक्षकाचंच काम. जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागला. पूर्वी काका आत शिरले की "काका, जेवलात का?" असं विचारणारी उंच उंच पोरं आता ते आले की गप्प व्हायची आणि ते गेले की बोलायची. दाराबाहेर उभं राहून काकांनी हे एकदा नीट ऐकलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मॅनेजरची खात्री झाली होती की संघ स्वस्तात विकला जावा म्हणून कोणीतरी आतलाच माणूस फितूर झालाय. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंशिवाय तुम्हीच असता, काका. मी तुमचं नाव घेत नाहीये. पण अजून एक बातमी फुटली, तर ती किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची."

"ठेवीन," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

घरी येताना त्यांनी एकेक माणूस मनातल्या मनात तपासला आणि शेवटी मेहुण्यापाशी येऊन थांबले. काकूंचा धाकटा भाऊ त्याच पेपरात कामाला होता. काम गठ्ठे बांधून गाडीत चढवायचं, पण काकांच्या लेखी पेपर तो पेपर. दर रविवारी तो जेवायला यायचा आणि वाढून होण्याआधीच विचारायचा, "काय भाऊजी, संघाचं काय म्हणतंय?" इतकी वर्षं हा प्रश्न प्रेमाचा वाटत होता. आता त्यात काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं.

काकांनी सापळा लावला. पुढच्या रविवारी त्यांनी मेहुण्याला खिडकीपाशी नेलं आणि कानात सांगितलं, की अपशकुन टळावा म्हणून संघ आता हिरवे मोजे घालणार आहे, कुणाला सांगू नकोस. मेहुण्याने गळ्याची शपथ घेतली. त्यानंतर काका रोज पहाटे पेपरवाल्याची वाट बघत दारात उभे राहायचे. हिरव्या मोज्यांचा पत्ता नव्हता. याला संशय आला असणार, काका म्हणाले, बेरकी आहे.

आणि एका सकाळी मोठ्या अक्षरात छापून आलं: कर्णधाराचा खांदा गेला, नव्याचा शोध सुरू.

सात नंबर म्हणजे संघाचा कॅप्टन. हरत्या संघात उरलेला एकच भरवशाचा माणूस. त्याचा करार संपत आला होता आणि दुसऱ्या शहराचं बोलावणं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती बातमी वाचून तो तडक मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, मला काढायचंय तर तोंडावर सांगा, माझा खांदा कशाला मोडता?

काका मात्र तडक मेहुण्याच्या घरी गेले. काय काय बोलले ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. घरभेदी निघालास, एवढं तरी बोलले असावेत, कारण मेहुणा ताईकडे येऊन दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "मी कुणाला एक अक्षर बोललो नाही, ताई," एवढंच म्हणून निघून गेला.

काकू चिडल्या. माझ्या भावाने काय विकलं ते मला बघू तरी दे, म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि बातमी मोठ्याने वाचायला घेतली. 'आतल्या गोटातील माहितीनुसार सातचा खांदा गेला असून आता नवाच आणावा लागेल. हा हंगाम काढला तरी पुष्कळ...'

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग हळूच मशीनकडे बघितलं. तिथे सात नंबरचा शर्ट पडला होता, खांद्याची शिवण पार उसवलेली, कापड विरलेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर माझं वाक्य आहे."

झालं होतं ते असं. काकू दोरा घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या. रंग जुळवता जुळवता दुकानवालीशी गप्पा व्हायच्या. सातचा खांदा गेलाय, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्याआधी ठिगळाचं कापड निवडता निवडता बाराचा गुडघा झिजलाय, असंही बोलून गेल्या होत्या. ती त्याची सरावाची विजार. पंधरा ढिला पडला होता तो इलास्टिकपायी. दुकानवालीचा जावई त्या पेपरात खेळाचं पान लिहितो, हे काकूंनी त्याच दिवशी जाऊन तिला खोदून विचारलं तेव्हा कळलं. दुकानवालीला वाटत होतं, संघाच्या घरातली बाई आहे, खरंच सांगत असणार.

गप्प बसता आलं असतं. काकांच्या मनात ते आलंही. आपण बोललो नाही तर कुणाला कळणार? पण मग कॅप्टन जाणार, आणि मेहुणा चोर ठरणार. काकूंनी शर्ट पिशवीत घातला आणि चपला घातल्या. "चला. किल्ली घ्या."

केबिनमध्ये मॅनेजर होता, कॅप्टनही होता. दोघांची तोंडं दोन दिशांना. काकांनी आधी पट्ट्याची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. "बातमी माझ्या घरातून फुटली," ते म्हणाले. मग काकू पुढे झाल्या आणि दुकानात म्हणतात तशाच सहज म्हणाल्या, "सातचा खांदा गेलाय. आता नवाच आणावा लागेल."

मॅनेजरने दचकून कॅप्टनच्या खांद्याकडे बघितलं. कॅप्टननेही बघितलं, आणि हात वर करून गोल फिरवला. काकूंनी पिशवीतून शर्ट काढून दोघांच्या मध्ये धरला. फाटक्या खांद्यातून त्यांची बोटं बाहेर आली.

आधी कॅप्टन हसला. हसता हसता खुर्चीत बसला. मॅनेजर हसला नाही. "हे सांगायला तुम्हाला कोणी पाठवलं?" त्याने विचारलं, आणि पिशवीत आणखी काय आहे तेही बघून घेतलं. रिकामीच होती. मग त्याने किल्ली बोटाने काकांकडे सरकवली. यापुढे एकही कपडा इमारतीबाहेर जाणार नाही, शिलाई मशीन तळघरात आणा, आणि आकड्यापुढे 'शर्ट' म्हणायचं, असं बजावलं.

कॅप्टनने करारावर सही केली. गावात लोक म्हणतात, खांदा गेलेला माणूस दुसरीकडे घेणार कोण? संघ हरतोच आहे.

पुढच्या रविवारी काका स्वतः मेहुण्याकडे गेले. माफीचे शब्द त्यांनी वाटेत जुळवले होते, पण दारात जीभ वळेना. "चल, ताईने जेवायला बोलावलंय," एवढंच म्हणाले. मेहुणा चपला घालून निघाला. गल्लीच्या टोकाशी त्याने मागेपुढे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊजी, ते हिरवे मोजे कधी निघणार? मी अजून कुणाला बोललो नाही."

काकांनी चालता चालता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.