सांदण दरीतले नाना

काशीतल्या बालाजी घाटावरचा पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळ उरतो, आणि आमच्या चहाच्या कट्ट्यावर किस्से. कोणी ठरवून साठवत नाही, साठत जातात. सध्या जे उरलेत ते बहुतेक नानांचे. हसत सांगायला घेतो, मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या!

*

नानांनी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं, तेही बनारसमध्ये! "कितीही खोदा, मिट्टीच मिट्टी!" म्हणायचे. लाव्हाचे थर फळ्यावर काढता काढता रिटायर झाले. मग एकच हट्ट: महाराष्ट्रातली सांदण दरी बघायची. अभयारण्यातल्या काळ्या कातळाला पडलेली अरुंद, खोल भेग. शेवटी नाना, त्यांचे बालमित्र दत्तूगुरुजी आणि मी, असे तिघे म्हातारे निघालो.

*

गुरुजी म्हणजे घाटावरचे सर्वांत कडक पुरोहित. चितेपाशी उचललेला जीवखडा दहा दिवस गेलेला माणूस मानून पुजायचा आणि दहाव्याला गंगेत सोडायचा, ही रीत. एका यजमानानं विचारलं, "आठवण म्हणून घरी ठेवू?"

गुरुजी कडाडले, "गंगेत म्हणजे गंगेतच! शास्त्र काय मोबाइलचं सेटिंग आहे?"

*

दरीत पाणी दिसताच गुरुजींनी ओंजळ भरून संकल्प सुरू केला. जन्माची सवय, तोंडून आलं, "भागीरथ्याः पश्चिमे तीरे..."

नाना ओरडले, "गुरुजी, गंगा राहिली तिकडे!"

"राहू दे. जीभ तर तिथलीच आहे ना!"

*

पुढच्या डोहात कमरेएवढं गार पाणी. नानांना धाप लागली. भिंतीवर तळहात टेकवून ते खाली बसले. "तुम्ही जा. आत आकाश केवढं दिसतं, तेवढं मला येऊन सांगा."

आम्ही जाऊन आलो. गुरुजी म्हणाले, "आपल्या गल्लीतून दिसतं तेवढंच."

"म्हणजे घरचंच की! मग मलाच का बाहेर बसवलंत?" नाना हसले, पण डोळे भरले होते. गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी पाठीवर घेऊन नेतो, पक्का!"

*

बाहेर पडताना नानांच्या खिशात काळा दगड सापडला. वनखात्याचा गार्ड पोरगेला, पण ठाम. "बाबा, हितून दगड न्यायचा न्हाय. व्हता तिथं ठिवा."

"अरे, सगळी दुनिया आमच्या काशीत काही ना काही सोडून जाते. मी इथून एक खडा नेला तर काय बिघडलं?"

"मंग तुमी बी हितं कायतरी सोडा," गार्ड म्हणाला, "पण नेऊ नका!"

नाना गपचूप परत गेले आणि दगड होता तिथे ठेवून आले.

*

त्या थंडीतच नाना गेले. दहा दिवस गुरुजींनी सगळं विधिवत केलं, आवाज एकदाही हलू दिला नाही. दहाव्याला जीवखडा हातात घेऊन ते पाण्यात उतरले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. नानांच्या मुलाकडे बघून काहीतरी विचारलं. त्यानं मान डोलावली. गुरुजी वर आले तेव्हा उपरण्याला गाठ होती. मला रडूच येत होतं.

महिन्याभरानं त्यांचा फोन. "बॅग भरा. रिझर्व्हेशन झालंय."

फाटकावर तोच गार्ड. आम्हाला बघून ओळखीचं हसला. "या, बाबा! आन् ते तिसरे बाबा न्हाय आले?"

गुरुजींनी उपरण्याची गाठ छातीशी धरली.

"आलेत की. त्यांना पाण्यापलीकडे न्यायचं राहिलं होतं."