रिकामे हात जड झाले

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो. राहायला दौंडला, कारण बायको रेल्वेत. रोज एस्टीने जा-ये. बारावीच्या पोरांना अलंकार शिकवायचो. विरोधाभास म्हणजे वरवर विरोध, आत अर्थ; व्याख्या पाठ करा, एक उदाहरण ठोका, मार्क घ्या. पोरं पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची. त्यांना हा रोग लागत नव्हता, याचं मला बरं वाटायचं. ज्यांना लागला होता, ती माणसं मला रविवारी भेटायची.

एस्टी स्टँडजवळच्या एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं साहित्य मंडळ भरायचं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. कुठल्याही कवितेत दोन उलटे शब्द शेजारी दिसले की ते डोळे मिटून घेत आणि मांडीवर थाप मारत. त्या थापेसाठी माणसं काय वाट्टेल ते लिहायची. ‘गोठलेला वणवा’, ‘बहिरं गाणं’, ‘काळोखाचं ऊन’. मार्केट यार्डाजवळ खतं-बियाणांचं दुकान असलेला एक कवी होता. हा गृहस्थ दिवसभर फवारणीचं विष ‘औषध’ म्हणून विकायचा, त्यात त्याला काही वावगं दिसायचं नाही, आणि रविवारी ‘अमृताचं विष’ नावाची कविता घेऊन यायचा. अध्यक्षांनी तिला दोनदा थाप दिली.

मला या सगळ्यांचा तिटकारा होता आणि तो मी लपवत नव्हतो. मी स्वतःला साधं लिहिणारा समजायचो. विशेषणं दिसली की खोडायची, झाडाला झाड म्हणायचं. मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणाला प्रूफं तपासायचा उत्साह नव्हता. मला मात्र वाटलं, ही माझ्या चवीला मिळालेली पावती आहे.

त्या वर्षी श्रावणात मांडवगण फराट्याकडच्या एका गावातून अंगणवाडीच्या बाई मंडळात आल्या. तिशी-पस्तिशीच्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी सातवीत. त्यांनी शाळेच्या वहीतली चार पानं टेबलावर ठेवली.

“सर, म्या कवा काय लिवलं न्हाई. ह्ये माझ्या पोरीनं वाचावं म्हणून लिवलंय. तोंडानं सांगाया जमंना. पुस्तकात छापलेलं आसलं म्हंजी तिला खरं वाटंल. जसं हाय तसं छापा.”

“जसं आहे तसंच छापू, ताई,” अध्यक्ष म्हणाले. मीही मान हलवली. आम्ही दोघं त्या पानांकडे बघत होतो.

लिखाण चांगलं होतं. मंडळातल्या कुणालाही सात जन्मात जमलं नसतं इतकं चांगलं, आणि ते मला तेव्हाही कळलं होतं. नवऱ्याचा ताप, दवाखान्याच्या खेपा, परतीची गाडी, सगळं लहान लहान वाक्यांत. शेवटचा परिच्छेद असा होता: ‘दहाव्याला बायका जमल्या. म्हणाल्या, बांगड्या वाढव. मी आत गेले आणि वाढवल्या. हात जड झाले. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत.’

अध्यक्षांनी ते वाचलं आणि मांडीवर थाप पडली. “रिकामे हात, आणि जड. काय विरोधाभास आहे बघा. बाईला स्वतःला कळलेलं नाही तिनं काय लिहिलंय. फक्त ‘रिकामे’ हा शब्द राहिलाय, तेवढा घाला. वाचकाला बोट धरून न्यावं लागतं.”

मी नाक मुरडलं, पण शब्द घातला. वाद घातला तो दुसऱ्याच शब्दावरून. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. अशुभ तोंडातून जाऊ नये म्हणून उलट बोलायचं. मला ही गुळगुळीत भाषा अजिबात आवडायची नाही. बाईच्या बांगड्या फोडतात, मग तसं लिहायला लाज कसली? मी ‘वाढवल्या’ खोडून ‘फोडल्या’ केलं. अध्यक्ष ‘भडक आहे’ म्हणत होते, मी ऐकलं नाही. सासूचं वाक्य मला अधांतरी वाटलं. सुनेनं रीत पाळली, तर सासू का बोलणार नाही? संदर्भ लागेना, म्हणून काढून टाकलं. एवढा प्रश्न पडूनही मी बाईंना एक कार्ड टाकलं नाही. लेखकाला विचारून संपादन करायचं तर संपादक कशाला, अशी माझी तेव्हा समजूत होती.

अंक निघाला. प्रकाशनाला अध्यक्षांनी ‘रिकामे हात जड झाले’ हे वाक्य तीन वेळा म्हटलं. खताच्या दुकानवाल्यानं डोळे पुसले.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बाई कॉलेजात आल्या. स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. त्यांनी अंक माझ्यापुढे उघडून ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्ये कुनी लिवलं?”

मी म्हणालो, अर्थ तोच आहे, फक्त जरा स्पष्ट केलंय.

“अर्थ त्योच कसा? बायका म्हणल्या वाढव, तवा मी आत जाऊन ट्रंक उघडली. लग्नातला चुडा हुता. हुत्या त्यावर दोन-दोन आनखी भरल्या आन् त्यांच्यापुढं येऊन बसले. म्हणलं, घ्या, वाढवल्या.”

तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या, बोट हलवलं तरी वाजत होत्या. श्रावणात ती पानं पुढे केली तेव्हाही हात हेच होते. आम्ही दोघं साहित्यातले जाणकार तिथे बसून रिकाम्या हातांचं कौतुक करत होतो.

“दिरानं पारावर वाचून दाखवलं,” बाई म्हणाल्या. “म्हणतुया, बघा, हिनंच लिवलंय, फोडल्या म्हणून. सासूबाई आता लई गोड बोलत्यात. त्याचं मला काय न्हाई. पर पोरगी तवा पाचवीत हुती, दाराआडनं समदं बघत हुती. ती म्हणली, आई, तू तर फोडल्या न्हाईस, मंग खोटं का लिवलंस? लोकांना भ्यालीस व्हय?”

मी पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापू म्हणालो. पुढचा अंक म्हणजे पुढची दिवाळी. त्यांनी न विकलेले अंक कुठे आहेत, विचारलं. तिथेच माझ्या कपाटात दोन गठ्ठे होते. बाईंनी ते टेबलावर ओढले, माझ्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं आणि पहिला अंक उघडला. ‘रिकामे’ खोडलं. ‘फोडल्या’ खोडलं, आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘आणखी भरल्या’.

आणि मी, इतकं झाल्यावरही, तोंड उघडलं. म्हणालो, “ताई, ‘वाढवल्या’च लिहा. तुमचा मूळ शब्द फार सुंदर आहे. त्यात दोन्ही अर्थ आहेत.”

त्यांनी मान वर केली नाही. दुसरा अंक ओढला.

“म्हाईत हाय मला. दोन अर्थ हायेत म्हणूनच लिवला हुता,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुमी शिकवता म्हंजी तुमाला वाचाया येत आसंल.”