केशरबाईची निळी कोरांटी

"हात उष्ण म्हंजी उष्ण! त्यात तू कशाला मधी पडतीस, केशर?"

"काडी न्हाई लागली म्हनून कुनी सून घालवतं का, भागूबाई?"

"काडीसाठी कोन घालवतंय? सात वरसं झाली लगनाला, घरात पाळना न्हाई. काडी ही नुसती साक्ष."

"काडी साक्ष देती व्हय? बरंय बया, आता तिलाबी कोरटात उभी कर."

"हसून दावू नगं. तुझी शेवंती घराघरात हाय का न्हाई? तुझी तगर देवळापाशी छातीएवढी झालीया. तू दिलेलं रोप दगडावर टाकलं तरी फुटंल, असं सारं गाव म्हनतं. आन् माझ्या सुनंला निळीची काडी चार येळा दिलीस, चारीबी काळ्या पडल्या. मग खोट कशात? तिच्यात, का तुझ्यात?"



एकाहत्तर सालचा मार्गशीर्ष होता. पुणतांब्यातल्या केशरबाईच्या अंगणात, न्हाणीच्या अंगाला, निळी कोरांटी कंबरभर वाढून नुसती फुलली होती. समोर भागूबाई रिकामी परडी घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिच्याकडं पाहुणे यायचे होते. तिच्या मुलाला, कानिफनाथला, दुसरी बायको करून देण्याची बोलणी होती. पहिली, पुष्पावती, राजूरच्या डोंगराकडची. बोलणी जुळली की तिला माहेरी पोचवायची, असं ठरलंही होतं.

"फुलं तोडून देतीस, का म्या तोडू?" भागूबाई म्हणाली. "देवाला निळीच पायजेत. शुभकाम हाय."

केशरबाईनं फुलं तोडली. स्वतःच्या हातानं परडी भरून दिली. भागूबाई गेल्यावर ती तिथंच झाडाशेजारी खाली बसली.

केशरबाईचं माहेर पाथर्डीकडच्या कोरडवाहू टापूतलं. तिकडं प्यायचं पाणी मैलभरावरून डोक्यावर यायचं, तिथं फुलाला कोण घालणार? लग्न होऊन ती इकडं आली, तर पाटाचं पाणी दारापुढून खळखळत जायचं. सासरी तिचं नाव पडलं 'कोरडवाहूची'. "तिला काय इचारता, ती कोरडवाहूची!" असं सासू म्हणायची आणि दोन्ही जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. मिठापासून मतापर्यंत कुणी तिच्याकडं कधी काही मागितलं नाही.

पाटाच्या साहेबांच्या बंगल्यावर तेव्हा गहिनीनाथ नावाचा म्हातारा माळी होता. केशरबाई गवताला गेली की कुंपणापाशी उभी राहून आतली निळी कोरांटी बघत राहायची. एक दिवस त्यानं आपण होऊन काडी कापून दिली.

"तीन पेरांची घ्यायची, पोरी. दोन पेरं मातीत, एक वर. वरच्या टोकाला शेन लाव म्हंजी सुकत न्हाई. आन् लागली की मागंल त्याला देत जा."

काडी लागली. दुसऱ्या हिवाळ्यात पहिलं फूल आलं. दिवस उगवायच्या आधी आभाळाला असतो, तसला निळा रंग. गावात तसलं फूल कुणाच्या दारात नव्हतं. बायका थांबून बघायला लागल्या. ज्या जावेनं पंधरा वर्षांत तिला हाक मारली नव्हती, ती परडी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "केशर, दोन फुलं दे गं." केशरबाईनं त्या दिवशी दोनाच्या जागी वीस दिली.

फुलं ती कुणालाही द्यायची. शेवंती-तगरीची रोपंही द्यायची. निळीच्या काडीचं मात्र तसं नव्हतं. काडी लागली की निळी दुसऱ्या दारात जाणार, आणि मग केशरबाईच्या दारात कोण येणार? पण दारी आलेल्या सवाशिणीला रोपाला नाही म्हणायचं नाही, ही तिथली रीत. शेजारची रतनबाई पहिल्यांदा काडी मागायला आली, तेव्हा केशरबाईनं विळ्यानं झोकात तीन पेरांची काडी कापली. कापून वळली, तर वाटेत आंघोळीचा हंडा चुलवणावर कढत होता. तिनं काडीचं खालचं टोक त्यात बुडवलं, दहा आकडे मोजले, वर काढलं आणि त्याला ओल्या मातीचा गोळा लावून रतनबाईच्या हातात ठेवलं. काडी आठ दिवस हिरवी राहिली, नवव्या दिवशी बुडातून काळी पडली. रतनबाईनं शेळीवर खापर फोडलं आणि विषय सोडून दिला. आणखी दोघीतिघींचं तसंच झालं. एकदा लावून बघायची, नाही लागली की ऊन लागलं म्हणायचं, संपलं.

पुष्पावती एकदा लावून थांबणारी नव्हती. सोळाव्या वर्षी सून होऊन आली. 'मावशी, मावशी' करत केशरबाईच्या दारी यायची. पहिली काडी तिनं तुळशीपाशी लावली आणि रोज सकाळी सांगायला यायची.

"मावशी, पान ताठ हाय अजून!"

"असू दे, असू दे."

"मावशी, आज मला वाटतं फुटवा येतोय."

नवव्या दिवशी ती काळी काडी ओंजळीत घेऊन आली. मेलेलं पाखरू आणावं तशी. "मावशी, माझं काय चुकलं?"

केशरबाई तेव्हा शेंगा फोडत होती. मान वर न करता, हसत हसत म्हणाली, "तुझं काय चुकनार? हात उष्ण आसंल तुझा. आसतो एकेकीचा."

एवढंच. पण गोदावरीच्या घाटावर धुणं धुताना पुष्पावतीनंच ते भोळेपणानं कुणाला तरी सांगितलं. तिथून ते या दगडावरून त्या दगडावर करत भागूबाईच्या घरात पोचलं. त्यात पाळणा हलेना. उष्ण हाताची, उष्ण अंगाची, उष्ण पायगुणाची असं ते वाढत गेलं.

दुसऱ्यांदा पुष्पावती काडी मागायला आली, तेव्हा तरी केशरबाईनं हंडा टाळायला हवा होता. पण आता काडी लागली तर आपला शब्द खोटा पडेल, लोक विचारतील मागची का नाही लागली, या भीतीनं तिनं ती पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तर पुष्पावती रडवेली होऊन म्हणाली होती, "मावशी, यंदा तुमीच हात लावून द्या, तुमचा गुन येऊ द्या." आणि केशरबाईनं हात लावून दिला होता.

संध्याकाळी नवरा जेवायला बसला, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. राधाकृष्ण भाकरी मोडता मोडता थांबला.

"काड्या उकळल्यास?"

"उकळल्या न्हाई. बुडीवल्या."

"तेच ते. अगं, पर त्यांना पोर न्हाई म्हनून चाललंय ते. काडी लागली आसती तरी पाहुनं आलेच आसतं."

"आलं आसतं. पर तिच्या हाताला नाव म्या ठेवलं, अवं."

"आता सांगून काय व्हनार? भागूबाई गावभर तुझीच शोभा करंल. जेव गुमान."

केशरबाईनं आपलं जेवण तसंच झाकून ठेवलं.

सकाळी ती भागूबाईच्या घरी गेली. अंगण सारवलेलं होतं. कानिफनाथ पाहुण्यांना आणायला स्टेशनावर गेला होता. ओसरीच्या कडेला पुष्पावती पाट्यावर पुरण वाटत बसली होती. तिच्या जागी जी येणार, तिच्या माणसांसाठी पुरणपोळी तीच करत होती.

"ये गं केशर," भागूबाई देवापुढून उठत म्हणाली. "फुलं कशी शोभत्यात बघ."

"भागूबाई, त्या काड्या म्या मारल्या."

"कुठल्या काड्या?"

"निळीच्या. पुष्पाला दिल्या त्या. कढत पान्यात बुडवून दिल्या. चारीच्या चारी. तिच्या हातात कायबी खोट न्हाई. खोट माझ्यात हाय."

भागूबाई खळखळून हसली. "लई माया हाय बया तुझी! दुसऱ्याच्या सुनंसाठी सोत्ताच्या तोंडाला काळं फासून घ्यायला निघालीस? गावाला शेवंती वाटनारी तू, काडी मारशील?"

"पोटच्या लेकराची आन घेऊन सांगते."

"लेकराला मधी आनू नगं. सकाळच्या पारी असलं बोलू नये."

पुष्पावतीचा वरवंटा थांबला होता. "आत्याबाई, मावशी खोटं बोलत न्हाईत."

"तुला काय ठावं?"

"काडी कोंबट असायची. चारी येळा. मातीचा गोळासुदिक ऊन लागायचा." तिनं केशरबाईकडं पाहिलं. "मला वाटायचं, माझ्याच हातानं झाली."

आता भागूबाईसुद्धा हसेना.

"पुष्पा…" केशरबाई पुढं सरकली.

"म्या मटकी भिजत घालायची सोडली, मावशी. मोड यायचे न्हाईत म्हनून शेजारनीकडनं भिजवून आनते. दही लावायचं सोडलं. मळ्यात ह्यांनी वांग्याचं रोप लावलं, तर म्या बांधावर बसून ऱ्हायले. ह्ये म्हनले, आळशी झालीस." ती अगदी हळू, जणू आठवून आठवून बोलत होती. "बहिनीला मुलगा झाला. बारशाला गेल्ते. तिनं लेकरू माझ्यापुढं धरलं. म्या म्हनलं, नगं, माझं हात वल्लं हायेत. वल्लं न्हवतं, मावशी."

 केशरबाई ओसरीच्या पायरीवर बसली.

"म्या स्टेशनावर जाते," ती म्हणाली. "त्या पाहुन्यांना सोत्ता सांगते. घाटावर जाते, देवळात सांगते. झाड उपटून टाक म्हन, टाकते. तुझ्या दारात लावून दे म्हन, लावून देते. पर तू बोल. शिव्या दे. कायतरी बोल, पोरी."

भागूबाईनं पदर सावरला. तिचा आवाज मघापेक्षा खाली आला होता. "पुष्पा, ते मागनं बघू काय त्ये. गाडी यायची येळ झाली. पुरन उरक आदी."

पुष्पावती उठली. कळशीतलं पाणी घेऊन तिनं हात धुतले, पुरणाचा कण न् कण काढला आणि पदराला पुसून कोरडे केले. दोन्ही तळवे तिनं उजेडात धरून एकदा नीट बघितले, जणू ते कधी आपले नव्हतेच.

"कुठं निघालीस?" भागूबाईनं विचारलं.

"पुष्पा, बोल गं," केशरबाई म्हणाली.

पुष्पावती पायरीवर बसलेल्या केशरबाईच्या बाजूनं खाली उतरली, सारवलेल्या अंगणातून चालत फाटकाबाहेर पडली. मागून दोघीही हाका मारत राहिल्या. तिनं कुणालाच ओ दिली नाही.